उतारावर लावलेला टँकर

बॅटरी उतरली की लोक आधी बॅटरीला शिव्या घालतात, मग विकणाऱ्याला, आणि शेवटी मला. नळदुर्गला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं तेव्हाची ही गोष्ट. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाकडं. मागं राहायची खोली. कुणाचा हॉर्न बसला, कुणाचा डायनामो चार्ज करीना, की ट्रकवाले थांबायचे. मी तोंडाचा फटकळ माणूस. पण हात चांगला होता, म्हणून गिऱ्हाईक तोंड सोसायचं.

माझी सगळी ऐट एका मीटरवर होती. ते मिळायच्या आधी एका लाइनमनकडून त्याचा करंट मोजायचा जुना टाँग टेस्टर घेतला होता. लाइनमन खांबावरच्या तारेला लावतात ना, तोच. मोठ्या तोऱ्यात तो एका ट्रकच्या बॅटरीच्या केबलला लावला आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन गरगरलं, पण काटा जागचा हलेना. मी ड्रायव्हरलाच दटावलं, "नीट मार की रे!" ते यंत्र घरातल्या विजेचं, बॅटरीचा करंट त्याला कळतच नाही, हे मला पुढं सोलापूरच्या एका जुन्या सामानवाल्यानं सांगितलं. पोटभर हसला आणि दुसरं मीटर हातात ठेवलं. तळहाताएवढं. पाठीला खाच होती, ती केबलवर बसवायची. वायर कापायची नाही, सोडायची नाही. शून्य मधोमध. करंट बॅटरीत शिरला तर काटा एकीकडं, बाहेर पडला तर दुसरीकडं. ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव चिमटा ठेवलं. चिमट्याला सापडला नाही असा फॉल्ट या रस्त्यावर नाही, असं मी येता-जाता सांगायचो.

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. हा त्याच्या बऱ्याच नंतरचा, कुणाच्या लक्षात न राहिलेला. पण आमच्या लक्षात आहे. नदीत वाळू, विहिरीत गाळ. बायको पोरीला घेऊन सोलापूरला भावाकडं गेली. तिथं नळाला पाणी होतं, चादरीच्या कारखान्यात काम होतं. "पाऊस पडला की येते," म्हणाली. पुढं तिचं येणं कमी कमी होत गेलं आणि मी विचारायचं सोडून दिलं. दिवसा ठीक असायचं, कामात जीभ चालायची. दिवेलागणीला पत्रा ओढून घेतला की बोलायला माणूस नसायचं. खोलीत एकटा बसून जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो, त्याची मला चीड यायची. खरंच चीड यायची.

अशात टँकर आला. आजूबाजूच्या वाड्यांना पाणी पोचवायला एका वाहतूक सोसायटीचा जुना ट्रक टाकी बसवून लावला होता. त्याचा ड्रायव्हर बेंबळीकडचा, साठीला टेकलेला. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणायचो. केबिनमध्ये पितळेची बोटभर बुद्धमूर्ती, बाकी सगळा धुरळा. गाडी सकाळी सेल्फवर उठायची नाही. माझ्या दुकानापुढं रस्त्याला चांगला उतार आहे. मामा संध्याकाळी तिथं गाडी लावायचा, चाकाला दगड द्यायचा, रात्री केबिनमध्येच झोपायचा. सकाळी मी दगड काढायचो, गाडी घरंगळायची, मामा गिअर टाकायचा आणि इंजिन भडभडून उठायचं. वाड्यांना पाणी वेळेवर जायचं. सोसायटीचा नियम गाडी रात्री आवारात लावायची आणि ड्रायव्हरनं तिथंच झोपायचं असा होता, पण आवार सपाट. तिथं धक्का मारायला माणसं कुठली आणायची? म्हणून मामाला उताराची सूट मिळाली.

आणि मला माणूस मिळाला.

मामा खानावळीतून भाकरी आणायचा, मी पिठलं नाहीतर आमटी टाकायचो. मग आमचं जुंपायचं. पिठल्यात लसूण किती, हैदराबादच्या रस्त्याला कुठला ढाबा बरा, ढोकीच्या साखर कारखान्याचे ट्रॅक्टरवाले मागचा दिवा का लावत नाहीत. मामा हळू बोलायचा, मी चढ्या आवाजात. "मिस्त्री, तुमचा डायनामो लई जास्त चार्ज करतोय, कटआउट बसवून घ्या," म्हणायचा. मामाची बायको वारलेली, मुलगा लातूरला नोकरीत. घराला कुलूप. एवढंच कधीतरी बोलला होता. मी पुढं खोदलं नाही, तोही माझ्या बायकोबद्दल कधी बोलला नाही.

फक्त एका गोष्टीवर मामा मला हात लावू देत नव्हता. मी म्हणायचो, "अहो, बघू तरी द्या बॅटरी. माझ्या दारात रोज मेलेली गाडी उभी, लोक काय म्हणतील?" तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या ओ. उतार हाय की फुकटचा." मला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या हातावर विश्वास नाही. राग यायचा.

मग एका दुपारी सोसायटीचा मॅनेजर जीप घेऊन दुकानात आला. म्हणाला, "मिस्त्री, ही उताराची भानगड बंद करायची आहे. गाडी रात्रभर रस्त्यावर, चाकाला दगड. काही झालं तर जबाब कोण देणार? तुम्ही एकदा तपासा. वायरिंगचा दोष असेल तर काढून टाका, गाडी उद्यापासून आवारात. बॅटरीच गेली असेल तर सीझन संपेपर्यंत नवी मिळायची नाही, मग चालू द्या असंच." परवा येतो म्हणून गेला. काम मिळालं म्हणून मला बरंच वाटलं. मामाला कळू न देता फॉल्ट काढायचा आणि त्याला चकित करायचं, असं मी ठरवलं.

संध्याकाळी मामा गाडी लावून भाकरी आणायला गेला. अजून चांगला उजेड होता. मी चिमटा केबलवर बसवला. किल्ली बंद, दिवे बंद. काटा शून्यावर. नीट बघितलं तर किंचित थरथरल्यासारखा वाटला. पण या मीटरला शेजारी लोखंड असलं तरी काटा चळतो, आणि ट्रकमध्ये लोखंडाशिवाय आहेच काय! मग मी माझी युक्ती काढली. बॅटरीची केबल सोडली, मध्ये सात-आठ हात लांब वायर जोडली आणि त्या वायरचे दहा वेढे करून चिमटा गाडीपासून लांब धरून त्यांच्यावर बसवला. एका वेढ्याला जे दिसत नाही ते दहा वेढ्यांना दहापट दिसतं. काटा सरळ सतरावर गेला. म्हणजे पावणेदोन अँपिअर सारखा बाहेर चालला होता. म्हातारी बॅटरी रातभर एवढं देत राहिली तर सकाळी सेल्फ काय फिरवणार, कपाळ!

"सापडलास लेका," मी मोठ्यांदा म्हणालो. एकेक फ्यूज काढत गेलो. काटा ढिम्म. म्हणजे वायर फ्यूजच्या आधीच कुठूनतरी घेतलेली होती. ती धरत धरत मी केबिनमध्ये, क्लीनरच्या सीटखाली पोचलो. तिथं पत्र्याची पेटी होती. झाकण उघडलं आणि डोळ्यांवर उजेड आला. आत टेललाइटचे दोन बल्ब जळत होते. होल्डर नीट स्क्रूनं बसवलेले, जोडाला टेप गुंडाळलेली. सीटच्या मागं हात घातला तर तिथं बटण.

आधी मला हसू आलं. काय हा खुळेपणा, बंद पेटीत दिवे! मग मी तसाच सीटवर बसून राहिलो. वायर जुनी झाली, घासली, लीक झाली असं हे नव्हतं. कुणीतरी हे हातानं केलं होतं, आणि रोज संध्याकाळी गाडी लावल्यावर बटण दाबत होतं. गाडी सकाळी उठू नये म्हणून. उतार लागावा म्हणून. आवाराच्या फाटकाला कुलूप लागलं की आत एकट्यानं पडून राहावं लागू नये म्हणून.

आणि कुठं यावं? तर माझ्या दारात. माझ्यासारख्या तिरसट माणसाकडं, लसणावरून भांडायला!

"मिस्त्री, एकटं वाटतं, येऊ का जेवायला?" एवढं म्हणायला या माणसाची जीभ उचलली नव्हती. माझी तरी कुठं उचलली असती? मी झाकण लावलं, केबल होती तशी जोडली, वेढ्यांची वायर खिशात कोंबली. मामा भाकरी घेऊन आला तेव्हा मी चुलीपुढं होतो. त्या दिवशी लसूण त्याच्या मनासारखा घातला. "आज काय वो, तब्येत बरी न्हाय का?" मामानं विचारलं.

मॅनेजर आला. मामा तिथंच, टँकरला टेकून उभा होता, जमिनीकडं बघत. मॅनेजर म्हणाला, "काय निघालं?"

"वायरिंग चोख आहे साहेब. बॅटरीच्या प्लेटा झडल्यात. नवी येईपर्यंत गाडी उतारावरच लावायला लागेल."

"चिमटा लावून बघितलात ना?"

"चिमटा लावूनच सांगतोय."

मॅनेजर कुरकुरत गेला. तो उन्हाळा आम्ही तसाच काढला, रोज संध्याकाळी भांडत आणि रोज सकाळी दगड काढत. माझ्या आयुष्यात नंतर बरं चाललं तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नाही.

पावसाळा बऱ्यापैकी लागला आणि टँकर बंद करायचा हुकूम आला. गाडी सोसायटीला परत द्यायची होती. त्या सकाळी मी नेहमीसारखा चाकापाशी वाकलो, तर मामा वरून म्हणाला, "थांबा मिस्त्री. गाडी सुरू हुऊ द्या आधी." आणि सेल्फ मारला. एका दणक्यात इंजिन उठलं.

मी वाकलेलाच राहिलो. वर बघायचा धीर होईना. दगड काढून बाजूला ठेवले, हात झटकले, मग बघितलं. मामा माझ्याकडंच बघत होता.

"पेटीचं झाकण तुमी उलटं बसवलं हुतं त्या दिवशी," तो म्हणाला. "म्या दुसऱ्या दिवशीच बघितलं."

म्हणजे मॅनेजरपुढं मी प्लेटा झडल्या म्हणत होतो, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. तेव्हापासून रोज जेवताना मला वाटायचं की गुपित एकट्या माझ्याकडं आहे, पण ते आम्हा दोघांकडंही होतं.

"मामा," मी म्हणालो, "अधूनमधून येत जा की इकडं."

त्यानं गिअर टाकला.

"आता काय सांगून येऊ, मिस्त्री? गाडीला तर काय झालं न्हाय."