अकोटचा उंदीर आणि काकूंचं नाव

आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटमध्ये बरण्यांतले प्राणी कमी आणि किस्से जास्त. बरण्यांमधलं फॉर्मलिन मधूनमधून बदलावं तरी लागतं, किस्से तसेच टिकतात. उलट दरवर्षी थोडे फुगतात! गेल्या वर्षी त्यात एका उंदराची भर पडली आणि अख्ख्या अमरावतीत आम्हाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आमचे हेड गावंडे सर रिटायर व्हायला आले होते. जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेले प्राणी शिकवले, आता एखादा तरी आपण शोधलेला असावा, एवढीच त्यांची इच्छा. आणि अकोटजवळ भावाच्या तुरीच्या शेतात त्यांना एक उंदीर दिसला. शेपूट आखूड, कान भलतेच मोठे. पुस्तकातल्या कुठल्याच जातीत हा बसत नाही, असं म्हणत सरांनी मला आणि पिंजऱ्यांना गाडीत घातलं.

* * *

आमिष काय ठेवायचं ते परदेशी पुस्तकात लिहिलेलं होतं, ओट्स आणि पीनट बटर. सरांनी मॉलमधून दोन्ही आणलं. उंदीर पिंजऱ्याशेजारून टेचात जायचा, ढुंकूनही बघायचा नाही. शेवटी एका संध्याकाळी मी अकोट स्टँडवरून आलूबोंडे आणले आणि सरांनी वैतागून अर्धा बोंडा पिंजऱ्यात टाकला. आमचा चहा संपायच्या आत दार खट्टकन पडलं!

सर वाकून त्याच्याकडे बघतच राहिले. "आपल्या इकडचाच हाये, मॅडम," ते म्हणाले, "तिखट लागते त्याले."

* * *

नेमकी परतताना गाडी बंद पडली, म्हणून पिंजरा मांडीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. वरून सरांचा टॉवेल झाकलेला. आत खुडबुड सुरू झाली तसा कंडक्टर आला. टॉवेलखाली काय आहे, असं त्यानं साधंच विचारलं. उंदीर म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण सर पडले शास्त्रज्ञ, खात्री झाल्याशिवाय बोलणार नाहीत.

"ते अजून जगात कोणालेच माहीत नाही," सर म्हणाले.

पुढच्या स्टॉपपर्यंत आमच्या आजूबाजूच्या सगळ्या सीट रिकाम्या झाल्या. अमरावतीपर्यंत पाय पसरून आलो.

* * *

आता नाव. नवीन प्राण्याला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात संकेत आहे. म्हणून सरांनी बायकोचं, म्हणजे आमच्या कुसुमकाकूंचं नाव द्यायचं ठरवलं. मोठ्या प्रेमानं, जेवायला वाढलेलं असताना त्यांना सांगितलं. मीही पंगतीला होते. काकू धामणगावच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पोळीचा डबा बंद केला.

"सारा जलम उंदरं हाकलण्यात गेला माहा," काकू म्हणाल्या, "अन् तुमी त्याले माहंच नाव देऊन राहिले?"

सरांचा चेहरा एवढासा झाला. मला खरंच वाईट वाटलं, पण पोळीही हवी होती, म्हणून मी गप्प बसले.

* * *

इकडे सरांच्या गावात बातमी पोचली आणि चौकात फ्लेक्स लागला. 'गावाची शान' असं वर लिहिलेलं, खाली सगळे पुढारी हात जोडून. सर एका कोपऱ्यात. उंदीर शोधायला मला चष्मा लावावा लागला. सर मात्र खूश होते. एवढ्या गर्दीत त्यालाही जागा मिळाली, म्हणाले.

* * *

मग उंदराचे केस डीएनए तपासणीला पाठवले. ग्लोव्हज घातले की हाताला काही कळत नाही, म्हणून सरांनी ते उघड्या हातानंच उपटले होते. रिपोर्ट आला, सगळं डिपार्टमेंट गोळा झालं. रिपोर्टनुसार नमुना माणसाचा होता! उंदराऐवजी सरच तपासून आले होते.

काकूंना मीच फोन करून सांगितलं. "बरं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या, "लग्नापासून मले शंका होती."

* * *

दुसरा नमुना ग्लोव्हज घालून पाठवला. मध्येच दिवाळीची सुट्टी लागली, लॅबला कुलूप. उंदराची सोय केली आहे, कुठे ते विचारू नका, एवढंच सर म्हणाले. मी विचारलं नाही.

दुसरा रिपोर्ट आला तो नेमका सरांच्या निरोप समारंभात, प्राचार्यांचं भाषण चालू असताना. मी स्टेजवर सरांच्या शेजारी बसले होते. फोन तसाच त्यांच्या हातात दिला. माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी नमुना जुळत नव्हता. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, प्राचार्यांना थांबवून माईकसमोर उभे राहिले आणि फोन परत माझ्याच हातात दिला. शेवटी मीच सगळ्यांना सांगितलं. टाळ्या थांबेनात. मला रडू आवरेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या, पदर सावरत स्टेजवर आल्या आणि माईक ओढून घेतला.

"द्या माहं नाव त्याले," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते, त्याले घरात आणाचं नाही."

पुन्हा टाळ्या. सर माझ्या कानाशी वाकले. माईक चालूच होता.

"मॅडम, हिले आता सांगू का उद्या सांगू? दिवाळीपासून तो आमच्याच माळ्यावर हाये."