सगळ्या पानांना सगळं देणारे दाजी

जालना जिल्ह्यात कोणाचीही कोणतीही गोष्ट झाकलेली राहू नये, या कामी विधात्याने एका माणसाची कायम नेमणूक केली होती आणि तो माणूस म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दाजी चहाडखोर नव्हते, हे आधीच सांगतो. चहाडखोर माणूस आवाज खाली करतो, इकडेतिकडे बघतो, "माझं नाव घेऊ नका" म्हणतो. दाजींनी आयुष्यात आवाज खाली केला नाही. शिवाय चहाडखोर दुसऱ्यांचं सांगतो, दाजी सुरुवात स्वतःपासून करत. जालना-अंबड बसच्या कंडक्टरला दाजींची साखर उपाशीपोटी किती आणि जेवल्यावर किती हे पाठ होतं. ताईचं आणि त्यांचं कशावरून बिनसलंय हे भाजीवालीला ताईच्याही आधी कळायचं, आणि ती ताईच्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकून तिची समजूत काढायची. फोन ते नेहमी स्पीकरवर बोलत. पलीकडचा माणूस "जरा खाजगी होतं" म्हणाला की दाजी म्हणत, "बोला बोला, सगळे आपलेच हायेत," आणि खोलीतले सगळे आपले लोक खुर्च्या जवळ ओढत.

ते ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. मुलाकडचे लोक अशा वेळी मुलाची शेती वाढवतात आणि वय कमी करतात. दाजींनी बशी हातात घेतली आणि आपल्याच तोंडाने सांगायला सुरुवात केली की बारावीला एकदा गचकलो, आधी दोन मुलींनी नकार दिला, त्यातल्या एकीचं कारण मला बिलकुल पटलं, आणि आमचे बाबा झोपेत शिव्या देतात, पण नाव घेऊन देत न्हाईत. त्यांचे बाबा शेजारीच बसले होते. माझ्या वडिलांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. आई म्हणाली, अहो, चौकशी तरी करा. वडील म्हणाले, "चौकशीला त्याने काही शिल्लक ठेवलंय का?"

असा माणूस डॉक्टर किंवा वकील झाला नाही, ही जिल्ह्यावर कृपाच म्हणायची. दाजी वेबसाइट बनवत. जालन्यात मस्तगडला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. ऑफिसच्या दारावर ऑफिसचं नाव बारीक अक्षरात आणि वायफायचा पासवर्ड ठळक अक्षरात रंगवलेला होता. त्यामुळे जिन्यात कायम दहा-बारा माणसं बसलेली असत आणि आलेल्या गिऱ्हाइकाला वाटे, धंदा फार जोरात आहे. मी कॉम्प्युटरची पदवी घेऊन नोकरी शोधत होतो, तेव्हा ताईने मला तिथं नेऊन बसवलं. पहिल्याच आठवड्यात माझी आणि दाजींची जुंपली, आणि ते भांडण पुढे कित्येक वर्षं टिकलं.

भांडणाचा विषय समजायला थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. पीएचपी म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, आणि तिच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, वेबसाइटचं काम वाटून दिलेलं असतं. कंट्रोलर नावाचा भाग माहिती जमवतो. व्ह्यू नावाचा भाग म्हणजे लोकांना दिसणारं पान. कंट्रोलरने माहिती व्हेरिएबलमध्ये घालून त्या त्या पानाच्या हवाली करायची. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा समजा. ज्या पानाला जे लागतं तेवढंच द्यायचं, ही झाली शहाण्याची रीत. पण एकच गोष्ट सगळ्या पानांना एकदम वाटायचीही सोय असते, आणि ती दुकानाचा पत्ता, फोन नंबर अशा किरकोळ गोष्टींसाठी ठेवलेली असते. दाजींना ही सोय सापडली आणि त्यांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ते सगळ्या पानांना सगळं वाटून मोकळे होऊ लागले. संपर्काच्या पानालाही मालाचे भाव माहीत, आणि भावाच्या पानाला मालकाची जन्मतारीख माहीत. मी म्हणायचो, दाजी, ज्याला त्याला लागेल तेवढंच द्या. ते म्हणायचे, "मेव्हणे, घरात चहा ठेवला तर एकेकाला विचारत बसता का? पातेलं भरून करायचा अन् वाटून टाकायचा. मंग कुणी मागायला येत न्हाई." वर व्ह्यूमध्येसुद्धा ते काय दाखवायचं हे लिहीत नसत. जे जे येईल ते ते ओळीने छाप, एवढीच त्यांची पानाला आज्ञा असे.

याची फळं आम्ही चाखत होतो. जनावरांच्या खरेदीविक्रीची एक वेबसाइट आम्ही केली होती. दाजींनी मालकाचं नाव 'नाव' या डब्यात घालून सगळ्या पानांना वाटलं, आणि विक्रीच्या पानाला जनावरांची नावं द्यायला मात्र विसरले. एरवी पानाने नाव मिळालं नाही म्हणून बोंब मारली असती, पण मालकाचं नाव हाताशी होतंच, त्याने तेच वापरलं. परिणामी जिल्हाभरातल्या प्रत्येक बैलाखाली मालकाचं पूर्ण नाव आडनावासह आलं, आणि पुढे चारदाती, कामाला चालू, स्वभाव शांत. मालक जिना चढून आले ते बैलासारखेच. दाजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "चूक झाली, बराबर हाय. पण शांत लिहिलंय त्यात तरी काही वाईट न्हाई ना?" मालक हसले की चिडले हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण पाणी त्यांनी दोनदा मागितलं.

अशा माणसाकडे अंबडचे अण्णा वधूवर मंडळाची वेबसाइट करायला आले, हा त्यांच्या पत्रिकेतला दोष. अण्णा म्हणजे निवृत्त गृहस्थ, पांढरा सदरा, हातात छत्री, आणि तालुक्यातल्या निम्म्या संसारांचे ते कर्ते करविते. वेबसाइट झाली, मुलामुलींचे फोटो आणि माहिती दिसू लागली, वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस अण्णांनी फोन करून सांगितलं की प्रत्येक स्थळाबद्दल आम्हाला आमच्यापुरती आठवण राहावी म्हणून शेरा लिहायची एक जागा करून द्या. दाजींनी पंधरा मिनिटांत जागा करून दिली. शेरा स्थळाच्या माहितीत जाऊन बसला, स्थळाची माहिती सगळ्या पानांना जात होती, आणि पानाला जे येईल ते छापायची आज्ञा होती. अण्णांनी महिनाभर मन लावून शेरे लिहिले आणि ते सगळे जगाला दिसत राहिले.

शेरे मात्र अस्सल होते. "मुलगा सरळ, आई दोन्हीकडून बोलते." "पगार सांगतात त्याच्या निम्मा धरावा." "फोटो केस होते तेव्हाचा आहे." एका मुलीपुढे लिहिलं होतं, "फार हुशार. हिच्यापुढं टिकेल असा मुलगा सध्या मंडळाकडं नाही." बोंबाबोंब झाली तेव्हा मी शेरे लगेच काढून टाकले, पण लोकांनी त्या पानांचे मोबाइलवर फोटो घेऊन आधीच गावभर फिरवले होते. आमचा जिना पहिल्यांदाच खऱ्या गिऱ्हाइकांनी भरला. केसवाल्या फोटोचा मुलगा टोपी घालून आला होता. अण्णा आले आणि छत्री टेबलावर आडवी ठेवून म्हणाले, "माझं तोंड काळं केलं तुम्ही." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका मुलीचे वडील विचारत होते की ते शेरे परत कधी दिसणार, कारण सगळ्या वेबसाइटवर तेवढंच खरं होतं. दाजींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "बघा मेव्हणे," ते म्हणाले, "लोकाला खरं पाहिजे असतं."

अण्णा फोन ठेवून खाली बसले. मग त्यांनी हळू आवाजात अंकुशनगरच्या मुलीचं सांगितलं. साखर कारखान्याच्या वस्तीत राहणारी शिक्षिका. वडील कारखान्यात उसाच्या काट्यावर. येत्या रविवारी तिचा साखरपुडा होता. तिच्यापुढे अण्णांनी लिहिलं होतं, "मागं एकदा ठरलेलं मोडलं आहे. समोरच्यांना बोलू नये." समोरच्यांनी ते वाचलं आणि सकाळीच निरोप पाठवला की आता आमचं येणं होणार नाही.

दाजी उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चला."

अंबडच्या बसमध्ये कंडक्टरने साखरेची चौकशी केली, तर दाजी "ठीक हाय" एवढंच म्हणाले. कंडक्टर मला पुढे बोलावून विचारू लागला की घरी काही वाईट झालंय का. अंबडहून आम्ही अंकुशनगरला पोचलो तेव्हा गळिताचा हंगाम चालू होता, वाटेत उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं, आम्ही कोण ते ऐकलं आणि दारातच उभे राहिले. "आता काय बघायला आल्ते?" ते म्हणाले. आतून मुलगी म्हणाली, "येऊ द्या त्यांना, बाबा."

ती पंचविशीची असेल. तिने आम्हाला बसायला सतरंजी दिली आणि समोर बसून विचारलं की हे झालं कसं. दाजी माफी मागायला आले होते, पण घाबरले की माणूस आपल्या धंद्याच्या भाषेत शिरतो. त्यांनी कंट्रोलर सांगितला, व्ह्यू सांगितला, डबे सांगितले. ती वर्गात एखाद्या पोराचं उत्तर ऐकावं तशी शेवटपर्यंत ऐकत होती.

मग तिने विचारलं, "म्हणजे त्या पानाला हे लागत नव्हतं?"

"न्हाई."

"त्याने मागितलंबी नव्हतं?"

"न्हाई."

"तरी तुम्ही दिलं."

दाजी म्हणाले, "हो. मी सगळ्याला सगळंच देतो."

"अण्णांनी लिहिलं बोलू नये, तेबी मला पटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी शनिवारी मुलाकडच्यांच्या घरी जाऊन स्वतः सांगणार होते. का मोडलं, मी का मोडलं, सगळं. त्यांनी मंग नाही म्हटलं असतं तर म्हटलं असतं. पण ते माझ्या तोंडून ऐकून म्हटलं असतं."

दाजींनी विचारलं, "मी जाऊन सांगू का त्यांना? माझीच चूक हाय म्हणून?"

"तुम्ही आणखी काही सांगू नका," ती म्हणाली. रागाने नाही, साधं म्हणाली, आणि आम्हाला चहा करायला उठली. वडील तोवर दारातच उभे होते. चहा झाल्यावर त्यांनीच दाजींना बसथांब्यापर्यंत सोडलं. दोघं शेजारी शेजारी चालत होते.

ते लग्न मोडलं ते मोडलंच. परत आल्यावर दाजींनी अण्णांची वेबसाइट पहिल्यापासून लिहायला घेतली. एकेक पान उघडून ते मला विचारत, "याला काय काय लागतं?" मी सांगे, नाव, शिक्षण, गाव. ते तेवढंच देत. नंतर त्यांनी आमच्या जुन्या सगळ्या वेबसाइट तशाच सुधारल्या, बैलांचीसुद्धा. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडलो ते सगळं मला मिळालं, आणि ऑफिसात बसवेना. दाजी फोन कानाला लावून बोलायला लागले. भाजीवाली ताईला विचारू लागली की हल्ली तुमचं भांडण होत नाही का. ताई म्हणाली, होतं, पण आता मला एकटीलाच माहीत असतं. एकदा ती मला म्हणाली, "तू त्यांना बोलतं कर ना जरा." मी जिन्यातल्या लोकांपुढे त्यांना त्यांच्या साखरेचं विचारून पाहिलं. त्यांनी आकडा सांगितला, पण जुनी रंगत नव्हती.

मधे कधीतरी ते एकटेच अंकुशनगरला गेले होते. तिथल्या शाळेला काही वेबसाइट वगैरे नको होती, एवढं मला माहीत आहे. परवा ऑफिस बंद करताना मी त्यांना विचारलं, दाजी, त्या मुलीचं पुढे काय झालं? लग्न झालं का तिचं?

त्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा अजून काही लपवायला शिकलेला नाही. कुलपात किल्ली फिरवत ते थोडं हसले आणि म्हणाले, "ते तिचं हाय, मेव्हणे."

मग आम्ही जिना उतरलो.