चाचांच्या लुंगीची गाठ

निम्मी इंग्रजी भिवंडीतूनच विलायतेला गेली, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला : आमच्या शेजारचे चाचा. बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे जॉबर. पण एका हातात पाना, तर काखेत पुठ्ठा गेलेली डिक्शनरी. आमच्या घरी तेव्हा सगळीच ओढाताण. बाबा लूमवर बारा तास उभे, आई त्याच कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायची, आणि मी बारावीला इंग्रजीत आपटले. बाबा म्हणाले, "बस झालं. उद्यापासून आईबरोबर कांड्या भरायला जा."

चाचांची एक खोड होती. नवा इंग्रजी शब्द कानावर पडला की लुंगीच्या टोकाला गाठ मारायची, घरी डिक्शनरीत तो शोधायचा, मगच गाठ सोडायची. एकदा चाचींनी लुंगी धुताना सगळ्या गाठी सोडल्या. चाचांनी गल्ली डोक्यावर घेतली, "सात शब्द वाहून गेले मोरीत!" चाची शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या, मोरी तरी शिकेल."

माझं कळल्यावर चाचा तडक घरी आले. "दादा, पोरीला एक बार और बैठने दे. मी शिकवतो."

"चाचा, तुम्ही स्वतः सातवी!" बाबा हसले.

"म्हणूनच तर शिकायचा अजून कंटाळा आला न्हाय."

पहिलाच शब्द निघाला 'कॉटन'. म्हटलं, कापूस, येतो मला. "येतो? मग आला कुठून ते सांग!" चाचांनीच डिक्शनरीत बोट ठेवलं. "अरबीत 'कुत्न'. स्पेन, फ्रान्स फिरत इंग्रजाच्या घरी गेला. झाडाला तोच, धाग्याला तोच, कापडाला तोच. कुणाशी सूर जुळला तरी इंग्रज 'कॉटन टू' म्हणतो. असा दारोदार फिरलेला शब्द, त्याला तू घाबरतेस? तुझ्या आईच्या केसांत रोज असतो तो!" आईने डोक्यावरून हात फिरवला. बोटांना पांढरी रुई लागली. तेव्हापासून मी प्रत्येक शब्दाला आधी त्याचं गाव विचारू लागले.

पुरवणी परीक्षेत पास झाले, तेव्हा चाचांनी नवी गाठ मारली. "ये ग्रॅज्युएट की. तू झालीस की सोडणार." मग रोज लुंगी बदलली की आधी ती गाठ.

आता चाचा थकलेत. गाठी मारतात, शब्द विसरतात. परवा मी निकाल घेऊन त्यांच्याकडे गेले, तर लुंगीला पाच गाठी. चार कशाच्या, त्यांना आठवेना. पाचवीवर बोट ठेवून म्हणाले, "ही तुझी," आणि ती सोडली.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिलीच.