कपाटाच्या खणांचे दोन स्पीकर

बाई गं, ये अशी जवळ. कागदावरच का होईना, पण सरकून बस, आणि मी बोलत असताना मधेच त्या मोबाइलकडे बघू नकोस. आज तुला जरा बोलणार आहे. पुणं काय सातासमुद्रापलीकडे आहे? कर्जतला गाडीतून उतरायचं, कडावची रिक्षा धरायची, की आलं घर. पण तू येत नाहीस. रोज सकाळी कामाला जाताना बटण दाबून आवाज पाठवतेस, "बाबा, जेवलात का, बाबा, गोळी घेतलीत का," आणि तुला वाटतं पोचला निरोप. मग संध्याकाळी मलाच विचारतेस, "आई, बाबा उत्तर का देत नाहीत? अजून रागावलेत का?"

रागावलेले नाहीत. तू तिकडे खोली घेतलीस तेव्हा गाल फुगवून बसले होते खरे, पण ते कधीच संपलं. त्यांना तुझा आवाज ऐकूच येत नाही, बाई. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, तर तू म्हणालीस, "मग आवाज मोठा कर ना, आई." मोठा कर म्हणे. तो मोठा कसा केला, तेवढं आता शांतपणे ऐकून घे.

तुझे बाबा जन्मभर खालापूरकडच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनशेजारी उभे राहिले. घरी आले की ओरडून बोलायचे, आणि तू लहानपणी माझ्या मागे लपायचीस, तुला वाटायचं बाबा चिडलेत. ते चिडलेले नसायचे, मशीन अजून कानात चालू असायचं. आधी कुकरची शिट्टी गेली. मग चिमण्या गेल्या. मग दाराची कडी. मग माणसं गेली, म्हणजे माणसांचं बोलणं. जाड आवाज मात्र राहिले. जयंतीच्या मिरवणुकीतला ढोल अजून छातीत वाजतो म्हणतात. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "शीर कमजोर झालीय. आवाज आल्याचं कळेल, पण शब्द कळणार नाहीत." मी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं पदरात बांधून घरी आले. आवाज कळेल म्हणाले ना? मग झालं तर.

कानातलं मशीन आहे गं त्यांच्याकडे, तूच आणून दिलंस. ते डबीत असतं. लावलं की म्हणतात, "काढ हे. कारखाना परत चालू झाला."

त्याच सुमारास, भात कापून झोडून घरात आलं होतं, दुपार मोकळी होती, तेव्हा मोबाइलवर एक माणूस दिसला. जुन्या टीव्हीतले स्पीकर काढून, फळ्यांचं खोकं करून, त्यात बसवत होता. गाणं लावलं तर समोरच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. मी तिथंच थांबले. पाणी हलतं म्हणजे हे ढोलासारखंच झालं की. तुझा आवाज बारीक, लहानपणापासून बारीक, फोनच्या त्या चिमूटभर भोकातून तर आणखी बारीक येतो. तो जर खोक्यातून जाड होऊन आला, तर बाबांना का कळणार नाही? विकतचा मोठा घ्यायला परवडायचं नाही, आणि आपला बंद पडलेला डबा टीव्ही माळ्यावर पडूनच होता.

तो मी अंगणात घेऊन बसले, पाना-पक्कड घेऊन. तुझी काकू, म्हणजे माझी जाऊ, पडवीतून बघत होती. तिला गप्प बसवत नाही.

"काय गं, भंगारवाल्याला देतेस का?"

"स्पीकर करते."

"कुणाला?"

"ह्यांना. लेकीचा आवाज ऐकवायचाय."

"त्याला ऐकू येत नाय, आन तू अख्ख्या आळीला ऐकवशील," ती म्हणाली. पण उठून आली आणि टीव्हीचं दुसरं टोक धरून बसली. तशी वाईट नाही ती.

टीव्हीत दोन स्पीकर निघाले. एकाचा कागद झुरळांनी खाल्लेला. त्याच्या जोडीचा कर्जतच्या बाजारात, जुने रेडिओ दुरुस्त करतात त्या दुकानात मिळाला. तळहातावर मावेल अशी एक हिरवी पाटीही तिथंच घेतली, ती फोनचा आवाज वाढवून स्पीकरला देते. दुकानदार म्हणाला, "मावशी, घरात लग्न हाय का?" मी म्हटलं, "नाय रं बाबा, घरात शांतता हाय." तो हसला. मी पण हसले, मग जीपमध्ये बसल्यावर नाही हसले.

खोक्याला लाकूड म्हणून जुन्या कपाटाचे ओढायचे दोन खण काढले आणि त्यांची पुढची मुठीची फळी उखडली. तीन बाजू आणि तळ राहतोच, पुढून फळी ठोकली आणि वर झाकण मारलं की खोकं तयार. आता फळीला गोल भोक पाडायचं. ते मला काय अवघड? उभा जन्म ब्लाउजचे गळे कापले मी. स्पीकर फळीवर उपडा ठेवला, खडूने गोल मारला, आणि हाताच्या सवयीने आत बोटभर माया सोडली. शिवणीला माया नको का? बारीक करवतीने कापता कापता दुपार गेली, हाताला फोड आले, आणि स्पीकर लावायला गेले तर आत जाईना. लाकडाला कुठे दुमडायची असते माया. जाऊ म्हणाली, "उसवून सैल कर." तिचं ते बोलणं ऐकून मला इतकं हसू आलं की बाबांनी विचारलं, काय झालं. मी तोंड त्यांच्यासमोर नेऊन सांगितलं, तर तेही हसले. खूप दिवसांनी हसले गं. म्हणाले, "दुकान मांडलंस का घरात? दे इकडं." आणि कानशीने ते भोक घासून त्यांनीच मोठं करून दिलं. हात अजून सरळ चालतो त्यांचा.

पुढे चुकलं ते मात्र माझंच शहाणपण. तो मोबाइलवरचा माणूस सांगत होता, खोक्याच्या सांध्यातून हवा बाहेर जाता कामा नये, आणि आतल्या बाजूने कापूस-लोकर असं काहीतरी भरायचं, म्हणजे आवाज घुमत नाही. हवा जाऊ द्यायची नाही म्हटल्यावर मला काय आठवणार? कणगी. भात साठवायची कणगी आपण शेणमातीने लिंपतो, मुंगीसुद्धा आत जात नाही. मी शेण आणलं, माती चाळली, पाणी घालून मळली आणि दोन्ही खोक्यांचे सांधे आतून-बाहेरून असे लिंपले की तुझ्या आजीनं वाखाणलं असतं. आणि कापसाच्या जागी गिरणीवरून आणलेलं भाताचं तूस भरलं, दाबून. घरचंच आहे, फुकट आहे, हलकं आहे.

दुसऱ्या दिवशी वायरी जोडल्या आणि गाणं लावलं. आवाज असा आला, जसं गाणाऱ्याला पडसं झालंय आणि तो सुपात दाणे पाखडत गातोय. तूस आत नाचत होतं. ओल्या मातीची ओल स्पीकरच्या कागदाला लागून तो मऊ पडला होता. मी खोकी दोन दिवस उन्हात ठेवली. कागद सुकला, पण माती तडकली. आता गाण्यातला ढोल वाजला की ढपल्या पडायला लागल्या. कणगी कधी हलत नाही, बाई. हे हलतं. हे मला त्या ढपल्या गोळा करताना समजलं.

सगळं खरवडलं. सुताराकडून गोंद आणला, लाकडाचा भुसा कालवून सांध्यांत भरला. तूस काढून तुझ्या जुन्या गोधडीतला कापूस घातला. रागावू नकोस, ती गोधडी फाटलीच होती. तरीही आवाज पोकळ यायचा, दोन्ही लावले तर एकट्यापेक्षा कमी. हे काय गौडबंगाल ते कळेना. मग परत त्या माणसाचा व्हिडिओ बघितला. घड्याळातला सेल घ्यायचा, स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावायचा, कागद पुढे उडी मारतो का मागे जातो ते बघायचं. माझा एक पुढे जात होता, एक मागे. म्हणजे एक ढकलतोय तर दुसरा ओढतोय. एकाच्या वायरी उलट केल्या, आणि घर भरलं. खरंच भरलं. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं. जाऊ मागच्या दाराने आली आणि उंबऱ्यावर बसली.

तो सोमवार होता. मी बाबांना खुर्चीत बसवलं, एक खोकं उजवीकडे, एक डावीकडे. आधी ढोलाचं गाणं लावलं. त्यांनी मान वर केली. "वाजतंय की गं," म्हणाले. बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरला. मला काय झालं म्हणून सांगू. मला वाटलं, झालं, आता बापलेकीचं बोलणं होणार.

मग तुझा सकाळचा आवाज लावला. होईल तेवढा मोठा केला. "बाबा, जेवलात का," असं घरभर, आळीभर झालं. रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. बाबा पुढे वाकले. उजवा हात उजव्या स्पीकरच्या कागदावर ठेवला, अलगद, ताप बघतात तसा.

"कोण हाय?"

"ओळखा," मी म्हटलं.

"माणूस हाय. भाषण चाललंय कुठंतरी." मी पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटले. किती प्रयत्न करत होते गं, कपाळाच्या शिरा वर आल्या. "तुझा भाऊ हाय का?"

मी त्यांचा हात धरला, चेहरा समोर नेला आणि म्हटलं, "लेक. आपली लेक आहे."

त्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्पीकरकडे. आवाज येतोय हे त्यांना कळत होतं, हाताला लागत होता. तू त्यात नव्हतीस. जाऊ पदर तोंडाला लावून उठून गेली. मी बटणं फिरवत बसले, जाड केला, बारीक केला, खोकी जवळ आणली, लांब नेली. काही उपयोग झाला नाही. लाकडाचं काही चुकलं असतं तर मी परत कापलं असतं. वायर चुकली असती तर उलटी केली असती. इथं चुकलेलं काही नव्हतंच.

शेवटी तेच म्हणाले, "काय म्हणते?"

"विचारते, जेवलात का."

ते खोक्याकडे वळले आणि अगदी तोंड लावून म्हणाले, "जेवलो गं. तू जेवलीस का?" आणि वाट बघत बसले. ह्यातून तिकडे काही जात नाही, हे त्यांना सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. आजही झालेलं नाही. आता रोज सकाळी तुझा निरोप आला की मला खुणेने सांगतात, लाव. दोन्ही खोक्यांच्या मधे बसतात, हात ठेवतात, कागद थरथरायचा थांबला की म्हणतात, "जेवलो. गोळी घेतली. तब्येत बरी हाय. तू सांभाळून जात जा." एखाद्या दिवशी निरोप आला नाही तर दुपारपर्यंत हिरव्या पाटीची वायर तपासत बसतात, त्यांना वाटतं काहीतरी सुटलंय.

तर तू विचारतेस ना, बाबा उत्तर का देत नाहीत. देतात. रोज देतात. मी आवाज भरून पाठवते म्हटलं तर हात झटकतात, "तिला ऐकू गेलंय," म्हणतात.

मला जे करता आलं ते मी केलं, बाई. ह्याच्या पुढचं मला येत नाही आणि कुठल्या व्हिडिओतही नाही. पण समोर बसून, हात धरून, सावकाश बोललं तर त्यांना कळतं. ओठ बघतात, डोळे बघतात, आणि अर्धं बोलून व्हायच्या आत मान हलवतात. माझं कळतं तसं तुझंही कळेल. तू सुट्टी मिळेल तेव्हा म्हणतेस, ती मिळेल तेव्हा नको, आत्ताच माग. नवे तांदूळ आलेत, भाकरी मऊ होतात. एक दिवस तरी राहायला ये. आलीस की आधी माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊ नकोस, थेट त्यांच्यासमोर जाऊन बस आणि विचार, जेवलात का. ये गं, लवकर ये.