औषधाला न मरणारे जंत

त्या ऑगस्टात गोपिकाबाईंनी नऊ दिवसांत सात मेंढ्या पुरल्या.

मंठ्यापासून दोन कोसांवरच्या वस्तीत त्यांचा पंच्याऐंशी मेंढ्यांचा कळप होता. नवरा रायभान गुडघेदुखीनं घरी बसल्यापासून पंधरा वर्षं त्या एकट्याच तो राखत होत्या. लांडग्याच्या अंगावर काठी घेऊन धावलेली बाई. पण या खेपेला अंगावर येणारं काही दिसतच नव्हतं. मेंढी चरता चरता मागे पडायची, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि दोन-तीन दिवसांत ती पाय ताणून पडलेली सापडायची. जंताचं औषध तर दोनदा पाजून झालं होतं.

"कोनाची तरी नजर लागली," रायभान म्हणाले.

आठवी मेंढी पडली तेव्हा गोपिकाबाईंनी लेंड्या पिशवीत बांधल्या आणि जनावरांचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर यशश्री जालन्याहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी लेंड्या पाण्यात कालवल्या, थेंब काचेवर घेतला आणि बाईंना सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं.

अंडीच अंडी! गोपिकाबाईंनी झटकन डोळा काढून घेतला.

"हे रक्त पिणाऱ्या जंताचं बी. औषध कधी पाजलंत?"

"धा दिस झाले. दर साली तेच पाजून राह्यले मी. अंदाजानं, सगळ्यायला सारखं."

"मोठ्या मेंढीला ते कमी पडतं, मावशी. साधे जंत मरतात. पण थोड्यांच्या अंगात ते पचवायचा गुण जन्मापासूनच असतो. तेवढेच जगतात आणि पुढची अंडी त्यांचीच. आईबापाचा रंग कोकरात उतरतो ना, तसा हा गुण पिल्लांत उतरतो. दर साली औषधानं साधे मारले, चिवट राखले."

गोपिकाबाईंनी पुन्हा काचेकडे पाहिलं. "म्हंजी म्याच वाढवले?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. मेंढीचं वजन करून बरोबर तेवढंच पाजायचं आणि तेही फक्त पापणी आतून पांढरी पडलेलीला. लाल पापणीवालीला थेंबही नाही.

"आन् ती मेली मंग?"

"रोज पापणी बघा. पांढरी दिसली की लगेच पाजा. पण सगळ्यांना पाजलंत तर पुन्हा चिवटच उरतील. साधे जंतही थोडे जगायला हवेत, म्हणजे पुढची अंडी नुसती चिवटांचीच होणार नाहीत."

सत्त्याहत्तर उरल्या होत्या. एकतीस मेंढ्यांना औषध मिळालं, सेहेचाळीस तशाच सोडल्या.

मग रोजची सकाळ धाकधुकीची झाली. गोपिकाबाई एकेक पापणी उलटून बघत. पाचव्या दिवशी औषध पाजलेल्यांतल्या दोन गेल्या. रायभान खाटेवरूनच ओरडले, "पाजून टाक समद्यायला! कोन बघाया येऊन राह्यलंय इथं?"

त्या बाटली घेऊन मेंढ्यांच्या वाड्यात शिरल्या. पहिल्या मेंढीचं तोंड उघडलं. मेंढी पाय झाडत होती, पापणी मात्र लालभडक. सूक्ष्मदर्शकातली ती अंडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. आणि न पाजता ही मेली तर? पण पांढरी पडलीच तर तेव्हा पाजता येईल. त्यांनी मेंढीचं तोंड सोडलं, बाटलीला बूच लावलं आणि त्या वाड्याबाहेर आल्या.

पुढच्या आठवड्यात सेहेचाळीसांतल्या सहांच्या पापण्या फिकट झाल्या. त्यांना लगेच पाजलं, सहाही वाचल्या. दसऱ्यापर्यंत मरण थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा लेंड्या तपासल्या, तेव्हा काचेवर अंडी शोधावी लागत होती.

ज्यांना औषध लागलंच नाही, त्यांतल्या बऱ्याच एकाच काळ्या मेंढ्याच्या लेकी निघाल्या. तो विकायला काढला होता. जंत सोसायचा गुण पुढच्या कोकरांतही उतरावा म्हणून गोपिकाबाईंनी त्याला कळपासाठी ठेवून घेतलं.

दवाखान्यातून निघताना त्यांनी विचारलं, "हे औषीद किती वर्सं चालंल?"

"जपून वापरलं तर बरीच," यशश्री म्हणाल्या. "पण नक्की सांगता येणार नाही."

पदराखाली बाटली घट्ट धरून गोपिकाबाई वस्तीच्या रस्त्याला लागल्या.