दूध परत करणारी वहिनी

"आधी ढवळू, मग बोलू." सकाळी सहाला दूध संस्थेत कोणीही कसलीही तक्रार घेऊन आलं की आमच्या शेजारच्या वहिनीचं हे ठरलेलं. किटलीत पार तळापर्यंत पळी घालायची, वरची साय खाली करायची, मगच नमुना घ्यायचा. ती आकडा सांगणार, मी शेजारी कॉम्प्युटरवर टाईप करणार. मी अंबाजोगाईला कॉलेजात, सुट्टीपुरती गावी आलेली, आणि खरं सांगते, तिच्याइतकी भारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

तुम्हीही तिला पाहिलं असतं तर आधी लक्ष दिलं नसतं. बारीक चणीची, गप्प. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, कारण दोन्ही हात कामात. पण लॅक्टोमीटर दुधात सोडला की गावातले मोठे मोठे लोक तिच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. काचेची नळी जास्त बुडाली म्हणजे पाणी आहे. मग ती एवढंच म्हणायची, "परत." एकदा सरपंचांचे मेहुणे चिडले, म्हणाले म्हैसच पाणी जास्त पिलीय. वहिनी म्हणाली, "कुठं घावलं तिला? आमाला बी दावा." लाईन हसून बेजार.

कारण त्या साली दुष्काळच तसला होता. टँकर आठवड्यातून दोनदा. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा कोणी फेकत नव्हतं, म्हशीला ठेवायचं.

तिच्या घरात मात्र या नोकरीवरून रोज धुसफूस. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांचं म्हणणं, सुनेनं पगारासाठी बाहेर पडायचं आमच्यात नाही. नवरा बायकोसमोर हो म्हणायचा, बापासमोर गप्प. शेवटी आबा एका अटीवर तयार झाले होते. घरच्या कामात एक जरी चूक झाली तर त्याच दिवशी नोकरी बंद. म्हणून ती चारला उठायची, सगळं उरकून पळत यायची. मी एकदा विचारलं, एवढा जीव कशाला काढतेस? ती म्हणाली, "इथं मला इचारतेत गं. घरी नुसतं सांगतेत."

आबा रोज स्वतः दूध घेऊन यायचे. सासरा-सून चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळं सगळा कारभार माझ्यामार्फत. ती हातभर अंतरावर बसलेली आणि आबा मला म्हणायचे, "पोरी, इचार तिला, फॅट किती लागली." ती मला सांगायची, मी आबांना. मी म्हणजे त्यांचा फोन. मला मनातल्या मनात जाम हसू यायचं.

त्या दिवशी नाही आलं.

आबांच्या दुधात तिनं नळी सोडली आणि ती बुडाली. तिनं पुन्हा ढवळलं, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. मागून कोणीतरी "आबा बी?" एवढंच म्हणालं, आणि आबांचं तोंड असं उतरलं की बघवेना. या माणसानं जन्मात दुधात पाणी घातलं नव्हतं. ते मला म्हणाले, "पोरी, नळी नीट बघ म्हणावं तिला."

वहिनी किटलीकडं बघत राहिली. तिला काहीतरी आठवलं होतं, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. काय ते मला नंतर कळलं. पहाटे टँकर आलेला, घरातलं भांडं न् भांडं भरलेलं. किटली विसळलेलं पाणी ओतायला काही रिकामं नाही, फेकायला जीव होईना, म्हणून म्हशीसाठी ते तिनं किटलीतच ठेवलेलं. उशीर झाला म्हणून पळत आली. आबांनी अंधारात त्यावरच दूध ओतलं.

ती गप्प बसली असती तर नोकरी राहिली असती. उलट सासऱ्याचंही दूध परत करते म्हणून नाव झालं असतं. पाण्याचा डाग आबांवर. हे मला तेव्हा कळलंही नव्हतं नीट, पण माझी बोटं कीबोर्डवर थांबली होती आणि मी मनात म्हणत होते, वहिनी, काही बोलू नको.

तिनं दातातला पदर सोडला. माझ्याकडं बघितलंच नाही. थेट आबांकडं वळली, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मामा, तुमी न्हाई पाणी घातलं. किटली इसळून मीच ठेवलंतं, म्हशीला. वतायचं राहून गेलं. चूक माजी हाय." मग मला म्हणाली, "लिही. परत."

आबांनी किटलीचं झाकण लावलं. लई वेळ लावला त्याला. मग लाईनीला म्हणाले, "ऐकलं ना समद्यांनी. घर बी व्हईना अन् नोकरी बी व्हईना. उद्यापासनं ही येणार न्हाई."

एक म्हातारी म्हणाली, "आबा, पोरीनं तुमची अब्रू राखली, अन् तिलाच घरी बसवता व्हय?"

"ठरलंतं तसं," आबा म्हणाले.

चेअरमन तिथंच उभे होते. त्यांचं म्हणणं पडलं की हा घरचा मामला, संस्था काय करणार. आणि मी? मी टाईप केलं.

वहिनीनं उरलेल्या सगळ्यांचं दूध तपासून दिलं. नळी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं ठेवली. "जपून धर, काच हाय," म्हणाली आणि गेली.

पुढचाही पाऊस फसला. दिवाळीनंतर मी गावी आले तर वेशीत ऊसतोडीचा ट्रॅक्टर उभा. चूल, गोधड्या, कोंबड्या, सगळं वर चढलेलं. मुकादम नावं पुकारत होता, नवऱ्यांची. बायका नुसत्या मागनं चढत होत्या. वहिनी आधीच वर बसलेली. मला बघून म्हणाली, "आता कोण बसतंय तिथं?" मी म्हटलं, चेअरमनचा पुतण्या, कधी येतो, कधी नाही.

खाली आबा उभे. सुनेला पोचवायला आले होते. त्यांनी तिचा कोयता वर दिला. मला त्यांना विचारायचं होतं, आबा, सुनेनं पैशासाठी बाहेर पडलेलं आता कसं चालतं? पण नाही विचारलं.

वहिनीनं पात्यावरून अंगठा फिरवला. "मामा, ह्याला धार न्हाई," म्हणाली आणि कोयता खाली दिला.

ट्रॅक्टर हॉर्न देत होता. आबा तिथंच दगडापाशी उकिडवे बसले आणि धार लावायला लागले.