त्या दुपारी जमिलाखाला माझ्या दारात आली होती

माझ्या माहेरी कोणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडून बसायच्या आणि मी उठून चहा ठेवायला जायची. भूत, चकवा, करणी... आपला कशावरच विश्वास नाही. बी.एस्सी. झालेली आहे, शिकवण्या घेते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की बाईचं डोकं फिरलं. मीही आधी तेच म्हणाले होते.

मोर्शीच्या पुढं आमचं गाव. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. गावाच्या टोकाला, रस्त्याला लागून आमचं घर. वडिलोपार्जित वगैरे नाही – लग्नानंतर आम्ही दोघांनी बांधलेलं. चार खोल्या, वर स्लॅब, मागं संत्र्याचा बगीचा. मिस्त्री विटा रचून जायचा आणि भिंतींना पाणी मी मारायची, सकाळ-संध्याकाळ. तेव्हा मला दिवस गेले होते. कुंपणापलीकडून जमिलाखाला ओरडायची, "बादली ठेव खाली! भित गेली तं पुन्हा बांधता येईन, लेकरू नाई!" आणि स्वतःच येऊन उरलेलं पाणी मारायची.

खालाचा नवरा लवकर गेला, मुलगा अचलपूरला. मला सासू नव्हती, माझं बाळंतपण खालानंच केलं. ती कधी कडी वाजवायची नाही. तळहातानं दारावर थाप – "ए बाई, हाये का घरात?"

मुलगी दहावी झाली आणि आमचे हे म्हणाले, "अमरावतीले जाऊ. पोरीची बारावी झाली का वापस." साईनगरकडं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्यानं घेतला, असं सांगितलं. "गाद्या, मोठे भांडे, शिलाई मशीन राहू दे तिथंच. सुट्ट्यात येऊच ना."

ठेवलं मी सगळं तिथंच.

निघताना खाला रडली नाही. एवढंच म्हणाली, "विकू नको व बाई. मंग मले शेजार कोनाचा?" मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत काही ना काही निघायचं. कधी मुलीचा क्लास, कधी रस्त्याचं काम. हे मात्र एकटे जाऊन यायचे. मी विचारायची, घर कसं आहे? "मस्त आहे. तुह्या घराले काय होते?"

गोष्ट या फेब्रुवारीतली. भर दुपार. मुलगी आतल्या खोलीत पेपर सोडवत होती, मी मेथी निवडत बसले होते. दारावर थाप पडली. बेल नाही – थाप. दार उघडायच्या आधीच मला कळलं होतं.

खालाच होती. डोक्यावर पदर, जिने चढून धाप लागलेली. मला इतका आनंद झाला!

"खाला! एकटी कशी आलीस? ये, बस."

ती आत आली नाही. "बसाले टाइम नाई. तुहं घर पाडून रायले बाई. चाल."

"कोण पाडतंय?"

"तुले मालूम नाई?" तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

आतून मुलीनं विचारलं, "आई, खाला आली का गं?" मी म्हटलं, हो. "पाणी तरी पी," म्हणून वळले, ग्लास भरून आणला... दार उघडं. बाहेर कोणी नाही.

जिना उतरून खाली धावले. वॉचमन गेटवरच होता. म्हणाला, कोणी म्हातारी आली नाही. नंतर गेटचा कॅमेरा पाहिला, त्यातही ती नाही. खालाचा फोन नुसता वाजत राहिला. यांचा बंद. मग मी आणि मुलगी, होतो तशा अंगावरच्या कपड्यांनिशी बस स्टँडवर गेलो.

पोचलो तेव्हा ऊन होतं अजून. पुढच्या दोन खोल्या पडल्या होत्या. स्वयंपाकघराची निळी भिंत तेवढी उभी, आणि जेसीबीवाला तिच्याकडं वळत होता. रस्त्याच्या कडेला, एका अनोळखी माणसाबरोबर आमचे हे उभे. हातात चहाचा कागदी कप.

मला पाहिलं. चेहरा पांढरा पडला. आणि पहिला शब्द काय निघाला – "तुले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"संत्र्याचं गोडाऊन होनार हाये इथं. सांगतलं असतं तं तू आयकली असती का? अन् तो फ्लॅट आभायातून पडला काय?"

म्हणजे फ्लॅट भाड्याचा नव्हताच. ज्या किचनमध्ये मी रोज पोळ्या करून यांना वाढत होते, ते माझ्या घराच्या बदल्यात आलेलं होतं. आणि ते मला जेसीबीच्या आवाजात समजलं.

मी खालाकडं वळले. ती तिच्या ओट्यावर चार बायकांत बसलेली. मला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"आता कायले आली?"

"खाला, तूच तर बोलवायला आलीस ना... आत्ता दुपारी!"

"मी? मशीन आली तवापासून इथंच बसून हावो मी. इचार या बायाइले."

बायांनी माना हलवल्या.

"माह्या गळ्याची शपथ घेतली होती तू," खाला म्हणाली. "तुले सारं मालूम होतं. अन् आता माह्याच नावावर खोटं बोलून रायली?"

ती उठली, आत गेली आणि कडी लावून घेतली. मुलगी दाराला लागून रडत सांगत होती, "खाला, मी पण ऐकला तुझा आवाज! खरंच ऐकला!"

मागं भिंत पडल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

आता आम्ही त्याच फ्लॅटमध्ये राहतो. मुलीची परीक्षा झाली. आमच्या यांनी माझा फोन दोनदा तपासला. यांना वाटतं, खालानंच मला कळवलं. त्यावरून गावात जाऊन तिच्याशी भांडूनही आले. जेवताना अजून विचारतात, "खरं सांग, कोनं सांगतलं?" मी खरं तेच सांगते. तर म्हणतात, "खोटं नको बोलू." हे मला म्हणतात!

डॉक्टर म्हणाले, टेन्शनमुळं भास होतात. पण मला तर काहीच माहीत नव्हतं, मग टेन्शन कशाचं? आणि मुलीनं आवाज कसा ऐकला? मेलेल्या माणसाचा अनुभव असता तर कोणी मान तरी डोलावली असती. पण खाला जिवंत आहे. धडधाकट आहे. माझ्या दारात आल्याचं तिला माहीतच नाही, आणि माझा फोन ती उचलत नाही.

कोणाकडं काही स्पष्टीकरण असेल तर सांगा, माझ्याकडं नाही. आणि माझ्यासाठी नकोच ते. खालाला जाऊन सांगता येईल, तिला पटेल, असं काही असलं तर सांगा.